कोराडीच्या राखेतून पाणी सुधारणारा झिओलाइट: कृती, हिशोब आणि हमखास फसणाऱ्या जागा

चुलीतली राख आणि नागपूरजवळच्या कोराडी वीज केंद्राची राख या दोन्हींना मराठीत शब्द एकच, आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. गोवऱ्या-लाकडांच्या राखेनं आपण पिढ्यानपिढ्या भांडी घासली, राखुंडीनं दात घासले, बियाण्याला राख चोळली. त्यामुळे वीज केंद्राच्या राखेचा विषय निघाला की ‘टाका की टाकीत थोडी, गढूळपणा ओढून घेईल’ असं कुणीतरी बोलतंच. असं करू नका. लाकडाच्या राखेत पोटॅशियम-कॅल्शियमचे क्षार असतात. त्यांतले पोटॅशियमचे क्षार पाण्यात विरघळतात आणि खार देतात. दगडी कोळशाची राख म्हणजे कोळशातली माती. बॉयलरच्या ज्वाळेत ती वितळते आणि धुराड्याकडे जाता जाता झपकन गोठते. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर काचेच्या गोल गोल गोळ्या दिसतात, काही भरीव, काही पोकळ. काच पाण्यातलं फारसं काही उचलत नाही. उलट तिच्या पृष्ठभागावर बसलेलं बोरॉन, मोलिब्डेनम, सेलेनियम, आर्सेनिक थोडं थोडं करून पाण्यात सोडते.

मात्र हीच काच क्षारात विरघळवून पुन्हा वेगळ्या घडीनं जुळवली, तर झिओलाइट नावाचा पदार्थ तयार होतो आणि तो पाण्यातलं बरंच काही उचलतो. म्हणजे पाणी सुधारतो तो झिओलाइट. राख नुसता कच्चा माल. आणि सगळ्या प्रक्रियेत सर्वांत स्वस्त गोष्टही राखच आहे. महाग पडतात ते कॉस्टिक सोडा, उष्णता आणि धुण्याचं पाणी. या तिघांचा हिशोब न करता केलेले प्रकल्प प्रयोगशाळेच्या टेबलावरच राहतात.

दगडातले पिंजरे

झिओलाइट हे नाव स्वीडनच्या क्रॉन्स्टेट यानं १७५६ मध्ये दिलं. एक खनिज तापवल्यावर त्यातून वाफ फसफसून निघताना त्यानं पाहिली आणि ग्रीक शब्द जोडून ‘उकळणारा दगड’ असं नाव ठेवलं. हा दगड महाराष्ट्राला परका नाही. जळगाव, नाशिक, पुणे भागातल्या खाणींत काळा बेसॉल्ट फोडला की पोकळ्यांमध्ये पांढरे, गुलाबी स्फटिक सापडतात. जगभरचे संग्राहक ते विकत घेतात, आणि त्यांतले बरेचसे झिओलाइट असतात. गरम, क्षारयुक्त पाणी बेसॉल्टच्या भेगांतून दीर्घकाळ झिरपत राहिलं, दगडातली सिलिका आणि ॲल्युमिना (सिलिकॉन आणि ॲल्युमिनियम यांची ऑक्साइडं) विरघळली आणि पोकळीत नव्या रचनेत बसली. सीताबर्डीची टेकडी त्याच दख्खनी लाव्ह्याच्या पूर्व कडेवर उभी आहे. राखेपासून झिओलाइट करताना आपण निसर्गाचीच कृती उचलतो, फक्त एक-दोन दिवसांत उरकतो. १९८५ मध्ये हॉलर आणि विरशिंग या दोघांनी कोळशाच्या राखेवर हा प्रयोग करून दाखवला. नागपुरात वर्धा रस्त्यावरच्या ‘नीरी’ या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेतही राखेपासून झिओलाइट करण्यावर बरंच काम झालं आहे.

रचना समजायला सोपी आहे. सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजनचे अणू जोडून एक जाळी उभी राहते. जाळीत जिथे सिलिकॉनऐवजी ॲल्युमिनियम बसतं, तिथे एक ऋण भार शिल्लक राहतो आणि तो भागवायला सोडियमचा आयन तिथे येऊन बसतो. पण तो घट्ट बसत नाही. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसा. पाण्यातून कॅल्शियम आलं की रुमाल उचलला जातो. कॅल्शियमचा भार दोन, म्हणून ते दोन जागा घेतं आणि दोन सोडियम खाली उतरतात. शिसं, कॅडमियम, अमोनियम हेही याच मार्गानं चढतात. या अदलाबदलीची क्षमता दर ग्रॅमला किती मिलिइक्विव्हॅलंट, अशी मोजतात. म्हणजे एका ग्रॅममध्ये किती जागा आहेत, एवढंच. कच्च्या राखेत त्या ०.०५ सुद्धा भरत नाहीत, तर राखेपासून नीट केलेल्या झिओलाइटमध्ये २ ते ३ मिळतात. शुद्ध रसायनांपासून बनवलेला झिओलाइट ए साडेपाचच्या आसपास जातो. कपडे धुण्याच्या पावडरीत पाणी मऊ करायला घालतात, तो हाच.

एक गोष्ट मात्र आधीच लक्षात ठेवावी. जाळीचा भार ऋण आहे, म्हणून ती फक्त धन भाराचे आयन धरते. फ्लोराइड, नायट्रेट, आर्सेनेट ही ऋण भाराची मंडळी. साध्या झिओलाइटला त्यांच्याशी काही देणंघेणं नाही. विदर्भातल्या विहिरींचं दुखणं बहुतेक ठिकाणी फ्लोराइड नाहीतर नायट्रेट असतं, तेव्हा ‘राखेच्या झिओलाइटनं सगळं निघेल’ या जाहिरातीला इथेच थांबवावं.

राख कोणती घ्यायची

कोळसा जळून झाल्यावर साधारण ८० टक्के राख धुरासोबत वर जाते, तिला फ्लाय ॲश म्हणतात. उरलेली भट्टीच्या तळाशी पडते, ती बॉटम ॲश. वर गेलेली राख इलेक्ट्रोस्टॅटिक प्रेसिपिटेटरमध्ये विजेच्या भारानं पकडतात. यात एकामागे एक कप्पे असतात. पहिल्या कप्प्यात जाडसर राख, शेवटच्यात मैद्यासारखी बारीक. झिओलाइटसाठी मागच्या कप्प्यांतली, सायलोत कोरडी साठवलेली राख घ्यावी. दाणा जितका बारीक, तितकी क्षारात लवकर विरघळते.

राखेच्या बंधाऱ्यातली राख, जिला आपल्याकडे राखड म्हणतात, ती फुकट मिळते म्हणून मोह होतो. पण तिच्यात बॉटम ॲश मिसळलेली असते, माती असते, ओलावा असतो, आणि एकाच बंधाऱ्यातल्या दोन कोपऱ्यांतली राख सारखी नसते. आज जमलेली कृती पुढच्या ट्रकला जमत नाही, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच. जुलै २०२२ मध्ये पावसात कोराडी केंद्राचा खसाळ्याचा बंधारा फुटून राखेचं पाणी शेतांत आणि नाल्यांत शिरलं होतं. त्या साठलेल्या राखेचं काहीतरी व्हायलाच हवं, पण ते विटा, सिमेंट, रस्त्याचा भराव आणि खाणी बुजवणं यांतून होईल. ६६० मेगावॅटचा एक संच पूर्ण क्षमतेनं चालला तर दिवसाला अंदाजे १० हजार टन कोळसा लागतो. त्यात राख ३५ टक्के धरली तरी साडेतीन हजार टन झाली, एका दिवसाची, एका संचाची. एवढा झिओलाइट विकत घ्यायला गिऱ्हाईक कुठून आणणार? राखेचे डोंगर संपवायला झिओलाइट, असं कुणी सांगत असेल तर त्यानं हा गुणाकार केलेला नाही.

राख हातात आली की आधी दोन गोष्टी बघायच्या. पहिली, न जळलेला कोळसा. १०५ अंशांवर वाळवलेली १० ग्रॅम राख मफल भट्टीत ८०० अंश सेल्सिअसवर दोन तास ठेवा. वजन अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त घटलं, म्हणजे कार्बन ५ टक्क्यांच्या वर आहे. अशी राख वापरली तर धुताना काळी साय तरंगते आणि माल कळकट दिसतो. मग सगळीच राख आधी भाजून घ्यावी लागते. दुसरी गोष्ट लोह. राख पाण्यात कालवून त्यात जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं चुंबक फिरवलं की मॅग्नेटाइट, म्हणजे चुंबकाला चिकटणारं लोहाचं ऑक्साइड, चिकटून वर येतं. पिशवी उलटी केली की काळा चिखल वेगळा झाला.

मग सिलिका-ॲल्युमिनाचा हिशोब. आपल्या कोळशाच्या राखेत सिलिका ६० टक्के आणि ॲल्युमिना २८ टक्के धरली तर १०० ग्रॅम राखेत सिलिकॉन १ मोल आणि ॲल्युमिनियम ०.५५ मोल येतं. गुणोत्तर १.८ झालं. झिओलाइट एला ते १ लागतं. एक्स या दुसऱ्या, मोठ्या छिद्रांच्या प्रकाराला १ ते १.५ चालतं. म्हणून ए हवा असेल तर दर १०० ग्रॅम राखेला सुमारे ०.४५ मोल ॲल्युमिनियम बाहेरून द्यावं लागतं, म्हणजे हिशोबानं ३७ ग्रॅम सोडियम ॲल्युमिनेट. प्रत्यक्षात राखेतल्या क्वार्ट्झची थोडी सिलिका विरघळतच नाही, त्यामुळे याहून कमीवर भागतं. २० ग्रॅमपासून सुरुवात करून वाढवत जावं. उलट सिलिका कमी पडत असेल तर भंडारा-गोंदियाच्या राइस मिलमधली तुसाची राख आहेच. ती जवळजवळ सगळी सिलिकाच असते.

कृती

रस्ते दोन. सरळ रस्ता असा: १०० ग्रॅम राख, ८०० मिलिलिटर पाण्यात ६४ ग्रॅम कॉस्टिक, ९५ ते १०० अंश, २४ ते ४८ तास ढवळत राहायचं. वितळवायची भानगड नाही. पण राखेतले क्वार्ट्झ आणि मुलाइट हे स्फटिक एवढ्याशा क्षाराला दाद देत नाहीत. फक्त काच विरघळते आणि हाती येतं ते अर्धी राख, अर्धा झिओलाइट. त्यात मुख्यतः पी१ नावाचा प्रकार असतो. सांडपाण्यातल्या अमोनियासाठी तेवढा पुरतो.

दुसरा रस्ता वितळवण्याचा. त्यात चांगला माल निघतो, म्हणून तो सविस्तर.

१०० ग्रॅम राख आणि १२० ग्रॅम कॉस्टिकचे दाणे एकत्र दळायचे. कॉस्टिक हवेतला ओलावा ओढतं, म्हणून पटापट. पावसाळ्यात हे काम नकोच, नाहीतर खलातच गोळा होतो. मिश्रण निकेलच्या किंवा स्टेनलेस स्टीलच्या भांड्यात घालून ५५० अंशांवर एक तास. चिनी मातीची मूस वापरू नका, कॉस्टिक तिला खातं आणि तिची सिलिका तुमच्या हिशोबात शिरते. थंड झाल्यावर दगडासारखा लगदा मिळतो, कधी कधी हिरवट झाक असलेला. ती झाक राखेतल्या मँगनीजची. तो फोडून पुन्हा दळा आणि एक लिटर मऊ पाण्यात मिसळा. सोडियम ॲल्युमिनेट घालायचं असेल तर इथेच. मग खोलीच्या तापमानाला ८ ते १२ तास ढवळत ठेवा. ही पायरी रिकामी वाटते म्हणून लोक गाळतात. पण स्फटिकांची बीजं याच वेळात धरतात. ती वगळली तर पुढच्या उष्णतेत ओबडधोबड, मिसळीचा माल येतो.

बीज धरल्यावर झाकणबंद पॉलिप्रॉपिलीनच्या डब्यात ९० ते ९५ अंशांवर ६ ते ८ तास. आता ढवळायचं नाही. डबा एचडीपीईचा नको, या तापमानाला तो मऊ पडतो. काचेचा नको, क्षारानं काच झिजते. आणि जर्मनचं पातेलं तर अजिबात नको. कॉस्टिक ॲल्युमिनियमला खातं, हायड्रोजन सुटतो, बंद खोलीत ठिणगी पडली तर भडका. कॉस्टिक नेहमी पाण्यात थोडं थोडं टाकायचं, कॉस्टिकवर पाणी ओतायचं नाही. विरघळताना ते स्वतःच तापतं आणि वर ओतलेलं पाणी उसळून तोंडावर येतं. चष्मा आणि रबरी हातमोज्यांशिवाय डबा उघडू नये.

वेळेचं भान पाकासारखं ठेवावं लागतं. एकतारी हवा असताना गोळीबंद झाला की परत फिरवता येत नाही. ए आणि एक्स हे मधले टप्पे आहेत. क्षार जास्त पडला किंवा वेळ लांबला तर ते मोडून सोडालाइट तयार होतो. तोही दिसायला पांढरा स्फटिकच, पण त्याची खिडकी, म्हणजे जाळीत शिरायचं छिद्र, २ अँगस्ट्रॉमच्या (अणूंच्या मापाचं एकक) आसपास, एची ४, एक्सची ७. सोडालाइटच्या खिडकीतून फारसं काही आत जात नाही. ‘जास्त वेळ ठेवला तर जास्त पक्का होईल’ ही समजूत इथे नडते. पहिल्यांदा करताना चौथ्या, सहाव्या, आठव्या आणि बाराव्या तासाला चमचाभर नमुना काढून ठेवावा.

शेवटी गाळणं आणि धुणं. पहिलं गाळलेलं पाणी, म्हणजे मातृद्राव, जपून वेगळं ठेवा. त्याचं पुढे येईल. मग धूत राहायचं, धुतलेल्या पाण्याचा पीएच ९ ते १० येईपर्यंत. ७ची वाट पाहू नका, झिओलाइट स्वतःच पाण्याला थोडा क्षारपणा देतो. मग १०५ अंशांवर रात्रभर वाळवा.

धुण्याचं पाणी बोअरचं घेतलं तर काय होतं, तेही पाहा. १०० ग्रॅम मालात २५० मिलिइक्विव्हॅलंट जागा आहेत. ५०० मिलिग्रॅम कठीणपणाच्या एका लिटर पाण्यात १० मिलिइक्विव्हॅलंट कॅल्शियम-मॅग्नेशियम असतं. अशा १० लिटर पाण्यानं धुतलंत की १०० जागा भरल्या. माल वापरण्याआधीच ४० टक्के खलास. प्रयोगात सगळं बरोबर करून क्षमता का निघत नाही, असा प्रश्न पडला की आधी नळ तपासावा. आरओचं किंवा डिस्टिल्ड पाणीच लागतं.

झालं की नाही, कसं ओळखायचं

खात्रीचा मार्ग एक्स-रे डिफ्रॅक्शन. अशी यंत्रं असलेल्या संस्था नागपुरात आहेत. तांब्याच्या नळीच्या आलेखावर ७.२ अंशाला शिखर दिसलं तर ए, ६.१ला एक्स, १२.५ आणि २८.१ अशी जोडी असेल तर पी१, १४.१ आणि २४.५ दिसली तर सोडालाइट. २६.६ला उंच सुळका म्हणजे क्वार्ट्झ तसंच राहिलं.

यंत्र नसेल तर आधी एक साधी चाचणी. चमचाभर माल ३०० अंशांवर दोन तास तापवा, हवाबंद डब्यात गार करा, स्टीलच्या वाटीत घ्या आणि वर अर्धा चमचा पाणी शिंपडा. झिओलाइट असेल तर वाटी हाताला चटका बसेल इतकी तापते, कारण रिकामे पिंजरे पाणी ओढताना उष्णता सोडतात. राखेवर पाणी टाकलं तर नुसती ओली राख मिळते. तळहातावर करून बघू नका.

मोजमाप हवं असेल तर ०.७३५ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट एक लिटर शुद्ध पाण्यात विरघळवा. हे बरोबर ५०० मिलिग्रॅम कठीणपणाचं पाणी झालं. त्यातलं २०० मिलिलिटर घेऊन अर्धा ग्रॅम माल टाका, तासभर हलवा, गाळा आणि ईडीटीए या रसायनाच्या अनुमापनानं (टायट्रेशन) उरलेला कठीणपणा मोजा. ५००चा २०० झाला तर लिटरमागे ६ आणि २०० मिलिलिटरमागे १.२ मिलिइक्विव्हॅलंट गेलं. भागिले अर्धा ग्रॅम, क्षमता २.४. माल उत्तम.

मिथिलिन ब्लूचा रंग किती उतरला यावरून क्षमता ठरवायची पद्धत कॉलेजच्या प्रोजेक्टांत दिसते. एच्या खिडकीतून तो रेणू आत जाऊच शकत नाही. बाहेरच्या भिंतीला चिकटलेला रंग मोजून आतल्या खोल्या मोजल्याचं समाधान, एवढंच.

कुठे वापरायचा

कठीण पाणी हा सर्वांत सरळ उपयोग. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, गिझरच्या कॉइलवर पांढरी पुटं चढतात, असं ५०० कठीणपणाचं बोअरचं पाणी २००वर आणायचं आहे. लिटरमागे ६ मिलिइक्विव्हॅलंट, म्हणजे हजार लिटरला कागदावर २.४ किलो झिओलाइट. प्रत्यक्षात ६० टक्के जागाच कामी येतात असं धरून ४ किलो ठेवा. भरून गेला की १० टक्के मिठाच्या पाण्यानं धुतला की कॅल्शियम उतरतं आणि सोडियम परत जागेवर बसतं. त्या ६ इक्विव्हॅलंटला हिशोबानं ३५० ग्रॅम मीठ पुरावं, पण किलोभर लागतं. सुधारलेल्या पाण्यात लिटरमागे १३८ मिलिग्रॅम सोडियम वाढतं हेही मांडून ठेवा. धुण्या-भांड्याला, गिझरला ठीक. रक्तदाबाच्या माणसानं पिण्यासाठी ते घेऊ नये.

सांडपाण्यातला अमोनिया हा दुसरा उपयोग, आणि नागपूरच्या संदर्भात मला तो जास्त जवळचा वाटतो. भांडेवाडीच्या सांडपाणी केंद्रात शुद्ध झालेलं शहराचं पाणी कोराडीच्या वीज केंद्राला जातं. केंद्राची राख त्याच पाण्यातला उरलेला अमोनिया काढायला परत यावी, हे वर्तुळ जुळण्यासारखं आहे. इथे ए नको, पी१ बरा. एला कॅल्शियम जास्त आवडतं आणि आपल्या सांडपाण्यात ते मुबलक, त्यामुळे अमोनियमला जागाच मिळत नाही. पी१मध्येही अमोनियमच्या वाट्याला एकूण क्षमतेचा छोटा हिस्साच येतो. म्हणून शुद्ध अमोनियम क्लोराइडच्या द्रावणात मिळालेले आकडे टेंडरमध्ये लिहू नयेत. खऱ्या नाल्याचं पाणी आणून तपासावं.

तिसरा उपयोग शिसं, कॅडमियम, जस्त यांचा. प्लेटिंगच्या, म्हणजे धातूंवर मुलामा चढवण्याच्या कारखान्यांच्या सांडपाण्यात ही मंडळी भेटतात. झिओलाइटला शिसं फार आवडतं. पण इथे दोन खड्डे आहेत. प्लेटिंगचं पाणी आम्लधर्मी असतं आणि पीएच ४च्या खाली ए आणि एक्सची जाळी ढासळते. आधी चुन्यानं ५-६वर आणावं लागतं. दुसरा खड्डा जास्त फसवा. नीट न धुतलेला माल शिशाच्या द्रावणात टाकला की पीएच उसळून १० होतो. शिसं हायड्रॉक्साइड होऊन तळाशी बसतं, वरच्या पाण्यात काहीच सापडत नाही, आणि अहवालात ‘९९ टक्के काढलं’ असं लिहिलं जातं. ते झिओलाइटनं काढलेलंच नसतं, तो साका असतो. पाण्याचा पीएच उतरला की सगळं परत विरघळतं. पडताळणी सोपी आहे: दुसऱ्या बाटलीत झिओलाइट न टाकता नुसत्या कॉस्टिकनं पीएच तितकाच करा. तिथेही ९९ टक्के आले तर तुमच्या मालाची कामगिरी शून्य समजा.

फ्लोराइडसाठी जाळीवर ॲल्युमिनियमचं किंवा लोहाचं हायड्रॉक्साइड चढवावं लागतं. फ्लोराइड मग त्या थराला चिकटतं, पिंजऱ्यात जात नाही. तुरटीच्या द्रावणात भिजवून हा थर देतात, पण ते द्रावण आम्लधर्मी आहे, पीएचवर नजर नसली तर खालचा झिओलाइटच विरघळतो. पाण्यात बायकार्बोनेट जास्त असेल तर क्षमता घटते, आणि आपल्या विहिरींत ते असतंच. शिवाय सुधारलेल्या पाण्यात ॲल्युमिनियम ०.२ मिलिग्रॅमच्या वर जाऊन चालत नाही. हे सगळं पाहता गावपातळीवर फ्लोराइडसाठी नीरीचीच तुरटी-चुन्याची नालगोंडा पद्धत किंवा ॲक्टिव्हेटेड ॲल्युमिना आधी तपासावं. राखेचा झिओलाइट त्या रांगेत मागे आहे.

पावडरचा दाणा

तयार माल काही मायक्रॉनची पावडर असते. ती नळकांड्यात भरली की पाणी पुढे सरकत नाही. दाणे करावे लागतात. संक्रांतीचा हलवा ज्यांनी करताना पाहिला आहे त्यांना ही कृती सांगायला नको. तिळावर पाक थेंबथेंब सोडत परात हलवत राहायची आणि दाणा फुगत जातो. इथे तिरक्या फिरत्या थाळीत झिओलाइट आणि १५ ते २० टक्के बेंटोनाइट माती घेऊन पाणी फवारतात. पाणी एकदम पडलं तर गोळे, कमी पडलं तर धूळ. १ ते २ मिलिमीटरचे दाणे चाळून, सावलीत वाळवून, ५५० ते ६०० अंशांवर दोन तास भाजायचे. ७००च्या वर गेलात तर झिओलाइटची जाळी मोडते. ५००च्या खाली राहिलात तर माती पक्की होत नाही आणि दाणा पाण्यात विरून गढूळपणा देतो. मूठभर दाणे बाटलीत पाण्यासोबत तासभर हलवून बघा. पाणी नितळ राहिलं पाहिजे. बेंटोनाइटच्या वाट्याइतकी क्षमता कमी होते, ती हिशोबात धरा.

मातृद्राव आणि वापरून झालेला माल

१२० ग्रॅम कॉस्टिक म्हणजे ३ मोल. झिओलाइटमध्ये दर ॲल्युमिनियममागे एकच सोडियम बसतं, म्हणजे जास्तीत जास्त १ मोल, ४० ग्रॅम कॉस्टिकइतकं. उरलेलं निदान ८० ग्रॅम मातृद्रावात आणि धुण्याच्या पाण्यात जातं. सोबत विरघळलेली सिलिकाही. हा द्राव नालीत सोडला तर राखेचं ओझं कमी करताना पीएच १३चं नवं सांडपाणी तयार केलं, एवढीच कमाई. तो पुढच्या घाण्याला वापरायचा. आम्लानं अनुमापन करून कॉस्टिक किती शिल्लक आहे ते काढायचं आणि तेवढंच कमी घालायचं. मात्र राखेतलं आर्सेनिक, सेलेनियम, मोलिब्डेनम क्षारात सुटून याच द्रावात गोळा होत जातं. दर फेरीला त्याची तपासणी हवी. वाढू लागलं की द्राव उदासीन करून, लोहाच्या क्षारानं साका पाडून मगच सोडायचा. तयार मालाचीही हीच परीक्षा: एक भाग माल, २० भाग पाणी, १८ तास हलवून गाळलेल्या पाण्यात हे धातू तपासायचे. पिण्याच्या पाण्याला आर्सेनिकची आणि सेलेनियमची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. नापास झालेला माल पुन्हा धुऊनही नापासच राहिला तर त्याला पिण्याच्या पाण्याजवळ नेऊ नये.

वापरून झालेला झिओलाइट काय प्याला आहे त्यावर त्याची वाट ठरते. कॅल्शियम प्यालेला मिठानं धुऊन पुन्हा कामाला लागतो. अमोनियम प्यालेला, धातूंची तपासणी स्वच्छ आली तर, शेतात सावकाश सुटणारं नत्र म्हणून टाकता येतो. शिसं-कॅडमियम प्यालेला माल घातक कचरा आहे, त्याला बुटीबोरीच्या घातक कचरा केंद्रासारख्या जागीच पाठवायचं. तिन्ही पोती एकाच शेडमध्ये ठेवली की दोन महिन्यांनी सगळी सारखीच करडी दिसतात. म्हणून भरतानाच पोत्यावर रंगानं लिहा: काय प्यालं, किती फेऱ्या झाल्या, तारीख.